शार्ल मेरियों आणि पॅरिसची अम्लरेखने

शार्ल मेरियोंचा जन्म १८२१ मध्ये पॅरिस येथे झाला. वडील इंग्रज वैद्य, आई तेथील ऑपेरातील नर्तकी, जन्म विवाहबाह्य. ब्रेस्टच्या नाविक विद्यालयातून तो फ्रेंच नौदलात गेला आणि १८४२ ते १८४६ या काळात न्यूझीलंडपर्यंत प्रवास करून आला. चित्रकार होण्यासाठी त्याने नौदल सोडले खरे. परंतु तो रंगांध होता. हा मार्ग खुंटल्यावर तो अम्लरेखनाकडे वळला. तांब्याच्या पत्र्यावरील मेणाचा लेप सुईने खरवडायचा, उघड्या रेषा आम्लाने खोल करायच्या आणि शाई भरून ओल्या कागदावर छाप घ्यायचा, अशी ही केवळ कृष्णधवल कला. एजेन ब्लेरी याने त्याला तंत्र शिकविले. खरा गुरू मात्र सतराव्या शतकातील डच कलावंत झेमान (या टोपणनावाचा अर्थच दर्यावर्दी) होय.

१८५० ते १८५४ या काळातील आपली पॅरिसविषयक अम्लरेखने त्याने झेमानलाच अर्पण केली. ऊस्मानच्या पाडकामापूर्वीच्या शहराची विश्वसनीय नोंद म्हणून त्यांच्याकडे पाहण्याची रूढी आहे. ती पुरती ग्राह्य नाही. ऊस्मानची नेमणूक १८५३ मधली, म्हणजे मालिका सुरू झाल्यानंतरची. शिवाय ‘ल पती पाँ’मध्ये नोत्र दामचे मनोरे प्रत्यक्ष दृष्टिकोनातून दिसतील त्याहून उंच चढविलेले आहेत, आणि ‘ल स्त्रिज’मधला, हनुवटी हातांवर टेकून शहर न्याहाळणारा राक्षस मध्ययुगीन नसून एकोणिसाव्या शतकातील जीर्णोद्धाराची निर्मिती आहे.

बोदलेअरने १८५९ च्या कलाप्रदर्शनावरील लेखनात मेरियोंचा मुक्तकंठाने गौरव केला. पुढे या चित्रांना बोदलेअरच्या मजकुराची जोड देण्याचे घाटत होते. कवीला मुक्त चिंतन लिहावयाचे होते. चित्रकाराला हवे होते इमारतींचे काटेकोर वर्णन. ज्याने मनोऱ्यांची उंची स्वतःच बदलली, त्याने शब्दांकडून मात्र वस्तुनिष्ठेची मागणी करावी, हा विरोध लक्षणीय आहे. योजना बारगळली.

तत्पूर्वीच, १८५८ मध्ये, मेरियोंला शाराँताँच्या मनोरुग्णालयात दाखल करावे लागले होते. पुढल्या वर्षी तो बाहेर आला. त्यानंतर त्याने जुने पत्रे पुन्हा हाती घेतले. ‘पाँतोशाँज’च्या आकाशात पूर्वी आशा हे नाव धारण करणारा एक बलून होता, तेथे आता काळ्या पक्ष्यांचे थवे उतरले. १८६५ च्या नौदल मंत्रालयाच्या चित्रात तर काटेकोर रेखलेल्या वास्तूवर आकाशातून अद्भुत प्राणी चाल करून येतात. १८६६ मध्ये तो पुन्हा शाराँताँला गेला आणि फेब्रुवारी १८६८ मध्ये तेथेच मरण पावला.