नाथमाधव

सिंहगडचा कडा ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस तेथून पडणें म्हणजे काय हें सांगावयास नको. इ. स. १९०५ मध्यें शिकारीच्या नादांत एक तरुण त्या कड्यावरून खालीं कोसळला. दैवयोगानें प्राण वांचले. परंतु कमरेखालचें अंग जन्माचें लुळें झालें. हा तरुण म्हणजेच द्वारकानाथ माधव पितळे. त्यांचा जन्म ३ एप्रिल १८८२ रोजीं मुंबईंत झाला. म्हणजे अपघाताच्या वेळीं ते अवघे २३ वर्षांचे होते.

रानावनांत हिंडण्याची आवड असलेल्या मनुष्यास बिछान्यावर खिळून राहावें लागणें ही शिक्षा लहान नव्हे. त्या दिवसांत त्यांनीं पुस्तकें जवळ केलीं, आणि वाचतां वाचतां स्वतःच लेखणी हातीं घेतली. आपल्या नांवाचा उत्तरार्ध व वडिलांचें नांव जोडून त्यांनीं 'नाथमाधव' हें टोपणनांव सिद्ध केलें. 'प्रेमवेडा' ही त्यांची पहिली कादंबरी १९०८ सालीं निघाली. पुढें 'सावळ्या तांडेल' आली. उत्तन-चौकच्या मुलांना तांडेल कोण, हें शहरी वाचकांप्रमाणें विचारावें लागत नाहीं!

१९१३ सालच्या 'वीरधवल'नें मात्र त्यांचें नांव घरोघर नेलें. ही सर्वस्वीं अद्भुतरम्य कथा. तींतील राज्य कोणत्याहि नकाशांत सांपडावयाचें नाहीं. अशा काल्पनिक जगांत नायक उभा करणें सोपें वाटतें, पण तें तसें नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वर्गांतील कांहीं मुलें मधल्या सुटींत फांसे टाकून एक खेळ खेळत. हा खेळ प्रथम अमेरिकेंत १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत प्रत्येकानें आपला वीर कागदावर घडवावयाचा: त्याचें बळ, बुद्धि, पूर्ववृत्त, सारें लिहावयाचें. सर्वांचेच वीर अजिंक्य निघाले, आणि कोणास कोणाची गरज न उरल्यामुळें खेळ अर्ध्या तासांत मोडला. तुमच्या वीरास काय येत नाहीं, असें मीं विचारलें. बराच वेळ कोणी बोलेना. शेवटीं एका मुलानें आपल्या वीराचा लुळा तांडेल केला. तो सुकाणूं धरी, पण त्यास होडींत उचलून ठेवावें लागे. तो कोणी उचलावयाचा, तेथूनच त्यांची गोष्ट सुरू झाली. घंटा झाली तरी मुलें उठेनात.

तेव्हां मला नाथमाधवांची आठवण झाली. ज्यास पाऊल टाकतां येत नव्हतें, त्यानें धांवणारा, लढणारा वीरधवल कल्पिला. आपल्या ठायीं जें नाहींसें झालें त्याचें मोल त्यांस ठाऊक होतें, म्हणूनच तो वीर वाचकांस खरा वाटला असावा, असें मला वाटतें.

पुढें ते केवळ अद्भुतांत रमले नाहींत. 'डॉक्टर'मध्यें त्यांनीं सामाजिक प्रश्न हाताळले. 'स्वराज्याचा श्रीगणेशा'पासून शिवकालावरील कादंबऱ्यांची माळ गुंफली, आणि ज्या गडांवर त्यांस पुन्हा चढतां येणार नव्हतें, ते गड वाचकांस चढावयास लाविलें. २१ जून १९२८ रोजीं ते निवर्तले. अपघातापूर्वीं २३ वर्षें ते चालले. त्यानंतरचीं २३ वर्षें त्यांनीं लिहिण्यांत घालविलीं.

तो तांडेल घडविणारा मुलगा सध्यां 'वीरधवल' वाचीत आहे. पुस्तक परत करण्याची मुदत त्यानें दोनदां वाढवून घेतली आहे.