ओहमलाही पॉवर सप्लायनेच दगा दिला होता!

मागच्या महिन्यात आमच्या ऑफिसचा सर्व्हर रोज दुपारी बॅकअप सुरू झाला की आपोआप रीस्टार्ट व्हायचा. मी रॅम बदलली, सिस्टीम पुन्हा टाकली, दोन दिवस घालवले. शेवटी मल्टिमीटर काढला. सर्व्हर निवांत असताना पिवळ्या वायरवर १२.१ व्होल्ट, आणि बॅकअप सुरू केला की १०.९! या लाइनला ५ टक्के सूट असते, म्हणजे ११.४ च्या खाली गेलं की गडबड.

तेव्हा मला जॉर्ज ओहम आठवला. हो, तोच, दहावीच्या पुस्तकातला.

१७८९ साली जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये जन्म. वडील कुलुपं बनवणारे कारागीर, पण स्वतः शिकलेले आणि मुलांना गणित शिकवणारे. कॉलेजात गेल्यावर हे महाशय नाच, स्केटिंग आणि बिलियर्ड्समध्ये रमले, म्हणून वडिलांनी चिडून शिक्षण थांबवलं. (आजचा गेमिंगवाला मुलगाच म्हणा ना!) पुढे १८११ मध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली आणि १८१७ पासून कोलोनच्या शाळेत शिकवू लागला.

तिथेच त्याने तारांतून वाहणारी वीज मोजायला घेतली. पण व्होल्टाची बॅटरी सर्किट जोडलं की हळूहळू ढेपाळायची. तार तीच असली तरी आकडा वेगळा! १८२५ मध्ये त्याने छापलेलं सूत्र चुकलं. दोष तारेत नव्हता, सप्लायमध्ये होता. मग पोगेनडोर्फ या संपादकाच्या सल्ल्याने त्याने बॅटरीच बदलली: बिस्मथ आणि तांब्याची जोडणी, एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. दाब स्थिर झाला. वेगवेगळ्या लांबीच्या आठ तारा लावल्या आणि हिशोब जुळला.

१८२७ मध्ये पुस्तक आलं. कौतुक सोडाच, अनेक जर्मन विद्वानांनी नाकं मुरडली. त्याने कोलोनची नोकरी सोडली आणि बर्लिनमध्ये आठवड्याला मोजके तास शिकवून दिवस काढले. मला हे वाचताना खरंच राग येतो. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गला नोकरी, १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक, आणि म्युनिकला भौतिकशास्त्राचं प्राध्यापकपद मिळालं ते थेट १८५२ मध्ये. दोनच वर्षांनी तो गेला. रोधाच्या एककाला त्याचं नाव १८८१ च्या पॅरिस परिषदेत मान्य झालं.

मीही त्याचंच केलं. रॅम, डिस्क बाजूला ठेवून आधी खात्रीचा दुसरा सप्लाय जोडला. बॅकअप चालू असताना ११.९. रीस्टार्ट बंद.

आणि हो, जुना सप्लाय उघडायला जाऊ नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जोरदार झटका देण्याइतका चार्ज राहू शकतो. मी तो सरळ ई-कचऱ्यात दिला.