डॉ. चार्ल्स ड्रू : रक्तसंशोधक आणि गुरू

अपघातात जखमी झालेल्या रुग्णास रक्ताची आवश्यकता भासली, म्हणजे त्याचे आप्त रक्तपेढीकडे धाव घेतात. कोणा अनोळखी दात्याचे रक्त मरणाच्या दारातील माणसाला परत आणते. ही सोय आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की, तिच्यामागे कोणाचे श्रम आहेत हा विचारही मनात येत नाही. ज्यांनी हे श्रम घेतले त्यांपैकी एक म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीय शल्यचिकित्सक डॉ. चार्ल्स ड्रू. परंतु त्यांचे चरित्र येथे सांगण्यास आम्ही प्रवृत्त झालो आहोत, ते केवळ रक्तपेढीसाठी नव्हे. ज्या विद्येची द्वारे स्वसमाजाला जवळजवळ बंद होती, ती त्यांनी इतरांसाठी कशी उघडली, हे आमच्या विद्यार्थिमित्रांनी जाणून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

ड्रू ह्यांचा जन्म ३ जून १९०४ रोजी वॉशिंग्टन शहरी झाला. वडील गालिचे बसविण्याचे काम करीत. १९२० साली चार्ल्सची एक बहीण क्षय आणि इन्फ्लुएन्झा ह्यांना बळी पडली. शाळेत आणि पुढे अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात त्यांची कीर्ती झाली ती खेळाडू म्हणून. १९२६ मध्ये पदवी मिळाली, पण वैद्यकीच्या शिक्षणास पैसा नव्हता. तेव्हा बाल्टिमोर येथील मॉर्गन कॉलेजात त्यांनी दोन वर्षे जीवशास्त्र व रसायनशास्त्र शिकविले, खेळाडूंना तयार केले आणि पैसे साठविले. मग कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जाऊन १९३३ साली १३७ विद्यार्थ्यांत दुसरे येऊन ते डॉक्टर झाले.

पदवी हाती आली, तरी वाट मोकळी झाली नाही. उत्तम शल्यचिकित्सक होण्यास मोठ्या रुग्णालयात अनेक वर्षे उमेदवारी करावी लागते. आणि अमेरिकेतील बहुतेक मोठी रुग्णालये कृष्णवर्णीय डॉक्टरांना उमेदवार म्हणून घेतच नसत. १९३५ साली ड्रू वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात अध्यापक झाले. १९३८ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी रक्त साठविण्याचा प्रश्न हाती घेतला. साठविलेल्या रक्तातील तांबड्या पेशी लवकर बिघडतात. मात्र त्या वेगळ्या काढल्यावर उरणारा द्रव, म्हणजे रक्तद्रव, पुष्कळ अधिक काळ टिकतो. ह्या विषयावरील प्रबंधाबद्दल १९४० साली कोलंबियाने त्यांना वैद्यकातील डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली. ती मिळविणारे ते पहिलेच कृष्णवर्णीय होत.

त्याच वर्षी युद्धात होरपळणाऱ्या ब्रिटनला रक्तद्रव पाठविण्याची योजना न्यूयॉर्कमध्ये निघाली आणि तिची वैद्यकीय सूत्रे ड्रू ह्यांच्या हाती आली. रक्त घेण्याची, तपासण्याची व निर्जंतुक ठेवण्याची एकच पद्धत त्यांनी सर्व रुग्णालयांत लावून दिली. पुढे अमेरिकन रेड क्रॉसची योजना आखण्यातही त्यांचा हात होता. परंतु त्याच योजनेत आधी कृष्णवर्णीयांचे रक्त नाकारण्यात आले आणि १९४२ पासून ते वेगळे साठविण्यात येऊ लागले. माणसांच्या वर्णावरून रक्तात भेद करण्यास शास्त्राचा कोणताही आधार नाही, हे ड्रू ह्यांनी निर्भयपणे सांगितले. रेड क्रॉसने तो नियम मागे घेतला तो १९५० साली.

१९४१ च्या वसंतात ते हॉवर्डला परतले. ते शल्यविभागाचे प्रमुख आणि फ्रीडमेन्स हॉस्पिटलचे मुख्य शल्यचिकित्सक झाले. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे कार्य येथेच घडले. कीर्तीच्या शिखरावर असलेल्या ह्या पुरुषाने आपला बहुतेक वेळ शिष्यांसाठी दिला. शिष्यांनी दयेची अपेक्षा न करता गोऱ्या डॉक्टरांच्याच कसोटीला उतरावे, असा त्यांचा आग्रह होता. अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरीची परीक्षा १९४८ साली त्यांच्या शिष्यांची पहिली तुकडी उत्तीर्ण झाली. १९४१ ते १९५० ह्या काळात हे प्रमाणपत्र मिळविणाऱ्या कृष्णवर्णीय शल्यचिकित्सकांपैकी निम्म्याहून अधिक त्यांच्या हाताखाली तयार झालेले होते. स्वतः गुरूला मात्र अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे सभासदत्व लाभले नाही. ज्या स्थानिक शाखेमार्फत ते मिळावयाचे, ती कृष्णवर्णीयांना प्रवेशच देत नसे. १९४७ साली संस्थेच्या नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहून त्यांनी ह्या अन्यायाचा निषेध केला.

१ एप्रिल १९५० रोजी पहाटे टस्केगी येथील वैद्यकीय मेळाव्यास जात असता नॉर्थ कॅरोलायनात त्यांची मोटार उलटली आणि वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी त्यांचा अंत झाला. गोऱ्यांच्या रुग्णालयाने त्यांना उपचार नाकारले, अशी एक कथा पुढे पसरली. ती खरी नाही. तेथील गोऱ्या डॉक्टरांनी त्यांना वाचविण्याची शिकस्त केली होती. ज्याने आयुष्यभर प्रमाणावाचून काही मानले नाही, त्याच्या चरित्रात आपणही असत्य शिरू देऊ नये.

स्वतःसाठी वाट काढणारे पुष्कळ असतात. वाट निघाल्यावर मागे वळून इतरांचा हात धरणारे थोडे. आमच्या विद्यार्थिमित्रांपैकी कोणी उद्या प्रयोगशाळेत वा रुग्णालयात उभे राहतील, तेव्हा दाराबाहेर थांबलेल्यांकडे त्यांचे लक्ष जावे, एवढीच आमची इच्छा आहे.