बेंटलेसाहेबांचा नकार

गेल्या महिन्यात माझा भाचा एक कागद घेऊन घरी आला. कागदाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे टर्बोचार्जर, इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, मजुरी असा खर्च; उजवीकडे आहे ती गाडी विकून मुळातच वेगवान असलेली गाडी घेण्याचा हिशेब. गाडी पेट्रोलची, ऑटोमॅटिक, बारा वर्षांची. घाट चढताना ती दमते, ही त्याची तक्रार. मामा, आता तुम्हीच सांगा, म्हणून तो समोर बसला. आकडेमोड त्याला माझ्यापेक्षा चांगली येते. अडचण निराळीच होती. ती गाडी माझ्या भाऊजींची. त्यांना जाऊन दोन वर्षे झाली. बापाची गाडी विकवत नाही आणि आहे तशी चालववतही नाही, अशा कात्रीत पोरगा सापडला होता.

सल्ला देण्याऐवजी मी त्याला एका माणसाची गोष्ट सांगितली. हाच प्रश्न १९२८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये एका मोटार कारखानदारापुढे उभा राहिला होता. त्याचे नाव वॉल्टर ओवेन बेंटले. सगळे त्याला डब्ल्यू. ओ. म्हणत.

बेंटले जन्मला १८८८ साली लंडनमध्ये, नऊ भावंडांत शेवटचा. त्याचे पहिले प्रेम मोटार नव्हे, तर आगगाडी. सोळाव्या वर्षी तो डॉनकास्टरच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारीला लागला आणि इंजिनात कोळसा टाकण्यापर्यंतची सगळी कामे शिकला. पुढे त्याने मोटारसायकलींच्या शर्यती केल्या, भाड्याच्या मोटारी चालवणाऱ्या एका कंपनीत नोकरी केली आणि १९१२ मध्ये भावाबरोबर डी. एफ. पी. या फ्रेंच मोटारींची एजन्सी घेतली.

या गोष्टीतली पहिली मेख इथे आहे. विकायच्या गाड्या साध्याच होत्या आणि त्या वेगवान करायची बेंटलेला हौस होती. म्हणजे तोही आपल्या भाच्यासारखाच! १९१३ मध्ये फ्रान्समधल्या त्या कारखान्यात गेला असता टेबलावरचा एक पेपरवेट त्याच्या नजरेस पडला. तो ॲल्युमिनियमचा होता, छोट्या पिस्टनच्या आकाराचा. तेव्हा पिस्टन बिडाचे किंवा पोलादाचे असत. थोडे तांबे मिसळून ॲल्युमिनियमचेच पिस्टन का करू नयेत, असे त्याच्या मनात आले. ते केले आणि गाडी पळू लागली. पिस्टन हलका, म्हणून इंजिन जास्त फेरे घेऊ शकले. ॲल्युमिनियम उष्णता लवकर वाहून नेते, म्हणून ते थंडही राहिले. इंजिनावरचा ताण न वाढवता ताकद वाढली. पहिल्या महायुद्धात हेच ज्ञान विमानांच्या इंजिनांना उपयोगी पडले आणि बेंटलेच्या नावाची विमान-इंजिनेही निघाली.

युद्ध संपले. १९१९ मध्ये साथीच्या फ्लूने त्याची पहिली पत्नी दगावली. त्याच वर्षी त्याने स्वतःची कंपनी काढली आणि लंडनच्या बेकर स्ट्रीटजवळच्या एका बोळात पहिले तीन लिटरचे इंजिन सुरू झाले. गिऱ्हाइकांच्या हाती गाड्या पडायला १९२१ उजाडले. तिच्यावर पाच वर्षांची हमी होती. फ्रान्समधली ले मान्सची चोवीस तासांची शर्यत १९२३ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी बेंटलेने ती जिंकली. १९२७ मध्ये त्याच्या तिन्ही गाड्या एका अपघातात सापडल्या. त्यांतली एक, वाकलेल्या अवस्थेत, पुन्हा रस्त्यावर आली आणि जिंकली. १९२८ चा विजयही त्याचाच.

पैसा मात्र कधीच पुरला नाही. अखेर आफ्रिकेतल्या हिऱ्यांच्या संपत्तीचा वारस वुल्फ बार्नाटो याने १९२६ मध्ये कंपनीचा कारभार हाती घेतला. बेंटले आपल्याच कंपनीत पगारी माणूस झाला.

प्रतिस्पर्धी आता वेगवान होत होते. बेंटलेचा मार्ग सरळ होता: जास्त वेग हवा ना, मग मोठे इंजिन बांधा. त्यातून साडेसहा लिटरची ‘स्पीड सिक्स’ आली. त्याचा धाडसी शर्यतपटू टिम बर्किन याला हे पटेना. त्याचे म्हणणे असे, की साडेचार लिटरची गाडी आहेच. तिला सुपरचार्जर बसवा. सुपरचार्जर म्हणजे टर्बोचार्जरचा थोरला भाऊ. दोघेही इंजिनात जास्त हवा कोंबतात; टर्बोला एक्झॉस्टचा धूर फिरवतो, तर सुपरचार्जर इंजिनाच्याच ताकदीवर फिरतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, म्हणून जास्त ताकद.

बेंटलेने नकार दिला. आपल्या रचनेची ही विटंबना आहे, असे त्याला वाटे. बर्किन बार्नाटोकडे गेला आणि परवानगी घेऊन आला. डोरोथी पॅजेट या धनाढ्य बाईंनी पैसा पुरवला. इंजिनाच्या रचनेला हात लावू द्यायला बेंटले तयार नव्हता, म्हणून तो सुपरचार्जर रेडिएटरच्याही पुढे, गाडीच्या नाकावर लटकला. साधी गाडी सुमारे ११० अश्वशक्तीची. रस्त्यावरची ‘ब्लोअर’ १७५ ची, तर शर्यतीतली २४० ची.

कागदावर बर्किन जिंकला होता. १९३० च्या ले मान्सला दोन ‘ब्लोअर’ उतरल्या. बर्किनने मर्सिडीजचा असा पाठलाग केला, की शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी त्याच्या नावावर लागली. पण चोवीस तास हा निराळाच हिशेब असतो. दोन्ही ‘ब्लोअर’ वाटेत मोडल्या. मर्सिडीजही रात्रीच थांबली. सकाळ झाली, दुपार झाली आणि पहिल्या दोन क्रमांकांवर आल्या त्या बेंटलेच्या ‘स्पीड सिक्स’.

बरोबर ठरूनही बेंटलेच्या पदरी काही पडले नाही. मंदी आली, बार्नाटोने हात आखडता घेतला आणि १९३१ मध्ये कंपनी बुडाली. रोल्स-रॉइसने ती गुपचूप, दुसऱ्याच्या नावाने विकत घेतली. गाड्यांवर बेंटले हे नाव राहिले. त्या बनवणारा बेंटले मात्र उरला नाही. १९३५ मध्ये तो लॅगोंडा कंपनीत गेला, तिथे सुरेख बारा सिलिंडरचे इंजिन केले आणि १९७१ च्या ऑगस्टमध्ये वारला.

इथे भाचा हसला, कारण पुढचे त्याला ठाऊक होते. बेंटले गेल्यावर अकरा वर्षांनी, १९८२ मध्ये, त्याचेच नाव मिरवणारी ‘मुल्सान टर्बो’ निघाली. टर्बोचार्जर लावलेली आणि ऑटोमॅटिक! ताकद जवळजवळ दीडपट झाली आणि मरगळलेल्या बेंटले नावाला तिने पुन्हा उभे केले. मग बेंटलेसाहेब चुकले, असेच ना मामा, हा त्याचा सवाल.

मला तसे वाटत नाही. त्या गाडीचा टर्बो कोणी नाकावर लटकवला नव्हता. कारखान्याने इंजिन, गिअरबॉक्स आणि थंडाव्याची व्यवस्था यांचा एकत्र विचार केला होता. ऑटोमॅटिक गाडीत तर हे फारच नाजूक. तिथल्या क्लचच्या चकत्या ठरावीक ओढ सोसण्यासाठी केलेल्या असतात. ओढ वाढली की त्या घसरतात, तेल तापते आणि जळते. टर्बोचा खर्च कागदावर दिसतो. गिअरबॉक्सचा वर्षभराने दिसतो. त्यातून आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आणि विम्याची भानगड आहेच.

मी हे अनुभवाने सांगतो. तरुणपणी मी माझ्या टू-स्ट्रोक मोटारसायकलचे बोअर वाढवून घेतले होते. महिनाभर वाऱ्यावर होतो. मग खंबाटकीच्या चढावर पिस्टन जॅम झाला आणि मागच्या सीटवर बसलेल्या माझ्या बहिणीला, म्हणजे याच्याच आईला, दोन टाके पडले. त्या वेळी ट्रकमधून आम्हाला घरी आणायला कोण आले होते, हे मी भाच्याला सांगितले. अजून लग्नही न झालेले त्याचे वडील.

तो बराच वेळ गप्प बसला. मग कागदाच्या डाव्या बाजूवर त्याने काट मारली. उजव्या बाजूवरही मारली. गाडीचे गिअरबॉक्सचे तेल किती वर्षांपूर्वी बदलले होते, एवढेच त्याने विचारले. ते मला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे गाडी घेऊन गॅरेजवर गेलो. तेल काळेकुट्ट निघाले. ते बदलले, एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले.

परवा तो कात्रज चढून आला. गाडी पळत नाही म्हणाला. पण दमतही नाही. वेगवान गाडी तो पुढेमागे घेईल, त्याचे वयच आहे. त्या दिवशी ही मात्र आमच्या दारात, माझ्या भाऊजींनी घेतली होती तशीच, उभी राहील.