पंडिता रमाबाईंनी प्रार्थनेच्या खोलीचं दार बंद का केलं नाही?

इंग्लंडमध्ये १८८३ला ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. तिथे धर्म शिकवणार नाही, हा त्यांचा शब्द होता. पुढे सदन पुण्यात आलं. रमाबाई खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडंच असायचं. काही मुली आत येऊन बसू लागल्या आणि 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या.

दार लावलं असतं तर नाव वाचलं असतं कदाचित. पण सक्ती करायची नाही, तशी श्रद्धाही लपवायची नाही, यावर रमाबाई ठाम राहिल्या. विरोधकांची शंका अगदीच निराधार नव्हती. काही मुली पुढे ख्रिस्ती झाल्याही. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई मात्र हिंदूच राहिली. १८९३ मध्येच तिने धोंडो केशव कर्वेंशी पुनर्विवाह केला.