साठ तासांवरून अठ्ठेचाळीसवर

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात मी बरीच वर्षे बँकेत अधिकारी होतो. पगाराच्या दिवशी रांगेत उभ्या राहणाऱ्या कामगारांना ना. म. जोशी हे फार तर मुंबईतल्या एका रस्त्याचे नाव म्हणून ठाऊक असे. त्यांची आठ तासांची पाळी ज्यांच्यामुळे आली, त्यांत या माणसाचा वाटा मोठा होता.

नारायण मल्हार जोशी १८७९ साली कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावी जन्मले. काही वर्षे शिक्षकी करून १९०९ मध्ये ते नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढून त्यांनी गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालये चालवली.

महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली. पारतंत्र्यातला हिंदुस्थानही तिचा सभासद होता. वॉशिंग्टनच्या पहिल्या परिषदेला कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशी गेले, पण त्यांची नेमणूक सरकारने केली होती. तिथल्या पहिल्याच कराराने जगाला अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा दिला आणि हिंदुस्थानला साठ तासांचा. तोवर आपल्याकडे कापडगिरणीत प्रौढ पुरुषाला दिवसाचे बारा तास राबवणे कायदेशीर होते.

प्रतिनिधी कामगारांच्या संघटनेशी विचारविनिमय करून निवडावा, असा त्या परिषदेचा नियम. देशव्यापी संघटनाच नव्हती. ती आयटक या नावाने १९२० मध्ये मुंबईत उभी राहिली. दुसरा नियम असा, की मंजूर झालेला करार सभासद सरकारने मुदतीत कायदेमंडळापुढे ठेवायचा. स्वीकारण्याची सक्ती नव्हती, पण त्यावर बोलणे भाग पडे. पंचवीसएक वर्षे केंद्रीय कायदेमंडळात कामगारांचे नियुक्त सभासद असलेल्या जोशींनी या संधीचे सोने केले. कामगार संघटनांना कायद्याचे संरक्षण हवे, हा ठराव त्यांनी १९२१ मध्ये मांडला. कायदा १९२६ मध्ये झाला. साठ तास १९२२ मध्ये कायद्यात आले, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांत चोपन्न झाले आणि १९४६ मध्ये, कामगार खाते डॉ. आंबेडकरांकडे असताना, अठ्ठेचाळीस.

या चिकाटीची किंमत त्यांनी मोजली. १९२९ च्या नागपूर अधिवेशनात डाव्या गटाने जिनिव्हाशी आणि सरकारच्या कामगार आयोगाशी संबंध तोडण्याचा ठराव जिंकला. आयोगाचे सभासद असलेले जोशी आपण उभारलेल्या आयटकमधून बाहेर पडले. पुढे एकी झाली तेव्हा परतून सरचिटणीसही झाले. १९५५ मध्ये ते गेले.

सरकारने नेमलेला माणूस कामगारांचा कसा, हा तेव्हाचा आक्षेप खोटा नव्हता. तरीही साठाचे अठ्ठेचाळीस होताना मला त्यांचीच बाजू पटते. संघटना स्वातंत्र्याचा १९४८ चा सत्त्याऐंशी क्रमांकाचा करार भारताने २०२४ पर्यंत स्वीकारलेला नव्हता. चाकणच्या कारखान्यांत कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असलेल्या तरुणाला युनियनचे नाव काढायची भीती वाटते, ती याच हक्काच्या प्रांतातली. त्याची बाजू सभागृहात वर्षानुवर्षे लावून धरणारा जोशी मात्र मला तरी दिसत नाही.