विश्लेषण : अकराव्या वर्षी कॉलेज, अठराव्या वर्षी पीएचडी... नॉर्बर्ट वीनर यांना ही घाई फळली का?

मूल गणितात हुशार असेल तर त्याला वयाआधीच किती पुढे न्यावे, हा प्रश्न अनेक पालकांना पडतो. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका घरात हा प्रयोग झाला. तो मुलगा म्हणजे ‘सायबरनेटिक्स’चे जनक नॉर्बर्ट वीनर.

सुरुवात कशी झाली?
वीनर यांचा जन्म १८९४चा. वडील लिओ हार्वर्डमध्ये भाषांचे प्राध्यापक. बीजगणित ते घरीच शिकवत आणि चूक झाली की कडक बोलत. आठव्या वर्षी डोळ्यांच्या त्रासामुळे डॉक्टरांनी सहा महिने वाचन बंद केले. तेव्हा मुलगा मनातल्या मनात गणिते सोडवू लागला. १९०६ मध्ये, अकराव्या वर्षी, त्याचे हायस्कूल संपले. प्रसिद्धीचा आणि परीक्षेचा ताण नको म्हणून वडिलांनी हार्वर्डऐवजी टफ्ट्स कॉलेज निवडले.

कुठे अडले?
चौदाव्या वर्षी गणिताची पदवी मिळाली. मात्र हार्वर्डमध्ये प्राणिशास्त्र घेतल्यावर कमजोर नजर आणि प्रयोगशाळेत न चालणारे हात आडवे आले. मग तत्त्वज्ञानाकडे वळून १९१३ मध्ये, अठराव्या वर्षी, त्यांनी गणिती तर्कशास्त्रात पीएचडी मिळवली. त्यानंतर केंब्रिजमध्ये बर्ट्रांड रसेल यांनी त्यांना गणित आणखी शिकण्याचा सल्ला दिला आणि जी. एच. हार्डी यांच्या वर्गात काटेकोर गणिताचा पाया पक्का झाला. म्हणजे पदवी लवकर आली, पण पाया नंतरच भरला गेला. पुढे ते एमआयटीत रुजू झाले. ‘वीनर प्रक्रिया’ या नावाने ओळखले जाणारे काम त्यांनी केले ते तिशीच्या उंबरठ्यावर. आज शेअर बाजाराच्या गणितातही ते वापरले जाते.

किंमत काय मोजावी लागली?
मुलगा सामान्यच आहे, यश आपल्या शिकवण्याचे आहे, असे वडील जाहीरपणे मांडत. त्यामुळे यश वडिलांचे आणि अपयश मात्र आपले, अशी भावना मुलाच्या मनात घर करून राहिली. नैराश्याने त्यांना आयुष्यभर गाठले. आपल्या बालपणाबद्दल त्यांनी १९५३ मध्ये मोकळेपणाने लिहिले.

दुसरे उदाहरण काय सांगते?
विल्यम सिडिस १९०९ मध्ये अकराव्या वर्षीच हार्वर्डमध्ये आले. वीनरही तेव्हा तिथेच होते. सिडिस यांच्यावर वर्तमानपत्रांचा झोत पडला. पुढे त्यांनी विद्यापीठीय जगाकडे पाठ फिरवली, साध्या कारकुनी नोकऱ्या केल्या आणि १९४४ मध्ये, ४६व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मग धडा कोणता?
वीनर १९६४ पर्यंत जगले आणि जगभर नावाजले गेले. त्यांना गणित जड गेले नाही, जड गेले ते बाकीचे : मोठ्या मुलांमधले एकटेपण आणि सतत कुणाच्या तरी कसोटीला उतरणे. म्हणूनच मूल किती इयत्ता पुढे जाऊ शकते, एवढेच विचारून भागत नाही. पाया पक्का आहे का, बरोबरीचे सवंगडी आहेत का आणि चुकण्याची मोकळीक आहे का, हेही आधी पाहावे लागते.